जंताची गोळी देऊनही जंत का जात नाहीत: कुत्र्या-मांजरांचं डीवर्मिंग आणि हार्टवर्म, क्रमाने

पावसाळा लागला की तेच प्रश्न परत सुरू होतात. गोळी दिली तरी शीमध्ये जंत दिसतायत. तीन महिन्यांनी डीवर्मिंग करतो म्हणजे हार्टवर्मचं पण झालं ना? माऊ घराबाहेरच जात नाही, तिला कशाला द्यायचं? मेडिकलवाल्याने माणसांची जंताची गोळी अर्धी करून दिलीय, चालेल ना? लोक काळजीनेच विचारतात, प्रेमात कुठेही कमी नाही, गडबड होते ती क्रमात. सगळे उडी मारून गोळीवर जातात आणि गोळी हा या सगळ्यातला मधला टप्पा आहे. तिच्या आधी तीन कामं असतात आणि नंतरची दोन-तीन तर बहुतेक घरांत होतच नाहीत.

मी व्हेट नाहीये. कुठलंही औषध आणि त्याचा डोस तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पण डॉक्टरांकडे जाताना काय माहिती न्यायची, काय विचारायचं आणि घरी काय करायचं हे इथे नीट लिहितेय.

## सगळ्यात आधी: ही दोन वेगळी कामं आहेत

पोटातले जंत आतड्यात राहतात. ते आईकडून, मातीतून, शीतून, पिसवांतून, कच्च्या मांसातून, उंदरांतून येतात. हार्टवर्म डासाच्या चाव्यातून येतो आणि हृदयाजवळच्या, फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढतो, त्याचा आतड्याशी काही संबंध नाही आणि तो शीत कधीच दिसणार नाही. तुम्ही दर तीन महिन्यांनी जी नेहमीची जंताची गोळी देता तिच्यात साधारण प्रॅझिक्वांटेल, पायरँटेल, फेबँटेल किंवा फेनबेंडाझोल असतं, आणि यातलं एकही हार्टवर्म थांबवत नाही.

तिसरा घोळ गोचिडाच्या गोळीचा. महिन्याला एक गोचिडाची गोळी देणारे खूप जण समजतात की त्यात सगळंच आलं. काही कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये जंताचं आणि हार्टवर्मचं औषध असतं, पण साध्या गोचीड-पिसवांच्या गोळीत नसतं. पाकीट उलटं करून घटक वाचा, नाव सारखंच असून पुढे एखादा शब्द जास्त असलेली दोन वेगळी औषधं मिळतात.

## टप्पा १: वजन करा, अंदाज नको

डोस वजनावर असतो. मोठ्या कुत्र्यासाठी स्वतः त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. उचलता येत नसेल तर क्लिनिकमधला काटा वापरा, नुसतं वजन करायला गेलात तरी कोणी नाही म्हणत नाही. किटन आणि छोट्या पपीसाठी किचनचा डिजिटल काटा, त्यावर डबा ठेवून. पपीचं वजन दर आठवड्याला बदलतं त्यामुळे मागच्या वेळचं वजन या वेळी चालत नाही, आणि कमी डोस जायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

वजनाबरोबर एका कागदावर हे लिहून ठेवा: वय, जात (कोली किंवा शेल्टी रक्ताचा असेल तर नक्की, का ते टप्पा ७ मध्ये), गाभण किंवा पाजणारी आहे का, आधी कोणतं औषध कधी दिलं, अंगावर पिसवा आहेत का, कच्चं चिकन-मासळी खातो का, माऊ उंदीर-झुरळं-पाली पकडते का.

थांबा: जुलाबात रक्त, उलट्या, खाणं बंद, मलूल पडलेला पपी, पांढरट हिरड्या यातलं काहीही असेल तर घरी जंताचं औषध देऊ नका. पार्व्हो (विषाणूचा आजार) आणि जोरदार हुकवर्म (आतड्यातला एक जंत) दोन्हीत रक्ताचे जुलाब होतात आणि बघून फरक कळत नाही. हुकवर्म रक्त पितो, छोटं पिल्लू त्यात काही दिवसांत ढासळतं. सरळ क्लिनिक गाठा.

## टप्पा २: शी तपासून घ्या

हे कोणी करत नाही आणि याच्यामुळेच निम्मी औषधं चुकीची जातात. मुंबईत बहुतेक मोठ्या पेट क्लिनिकमधून शीची तपासणी करून मिळते, परळला पशुवैद्यकीय कॉलेजकडेही विचारता येईल. खर्च फार नसतो.

सँपल कसं घ्यायचं:

1. ताजी शी, त्याच दिवशीची. रस्त्यावर उन्हात वाळलेली उचलू नका.
2. मातीला लागलेला भाग सोडून वरचा भाग घ्या, मातीतल्या स्वतंत्र अळ्या मिसळल्या तर रिपोर्ट गोंधळतो.
3. साधारण एक चमचाभर, झाकणाच्या स्वच्छ डबीत. डबीवर नाव आणि वेळ.
4. लगेच देता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. मुंबईच्या उकाड्यात बाहेर ठेवलेल्या सँपलमध्ये हुकवर्मची अंडी फुटून अळ्या बाहेर येतात.

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी जंत नाहीतच असं नसतं. चपट्या जंतांचे तुकडे सुट्टे पडतात त्यामुळे त्यांची अंडी तपासणीत बऱ्याचदा सापडतच नाहीत. म्हणून स्वतः बघा: शेपटीखाली, त्याच्या अंथरुणावर, ताज्या शीवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे, ताजे असतील तर हलणारे. ते दिसले तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, हा फोटो रिपोर्टइतकाच कामाचा आहे.

आणखी एक. जुलाब सारखे होतायत म्हणून लोक दर पंधरा दिवसांनी डीवर्मिंग करत राहतात आणि रिपोर्ट काढला की निघतं जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया. हे जंत नाहीत, एकपेशी जीव आहेत. कॉक्सिडियावर जंताच्या औषधाचा काहीच उपयोग नाही, जिआर्डियाला फेनबेंडाझोल वगैरे वेगळ्या पद्धतीने देतात. तपासल्याशिवाय नुसता अंदाज राहतो आणि पिल्लू मात्र रोज पाणी गमावत असतं.

## टप्पा ३: औषध कोणत्या जंतावर चालतं ते बघा

- पायरँटेल: गोल जंत आणि हुकवर्म. लहान पिल्लांना सिरपमधून बहुतेक हेच देतात. चपट्या जंतांवर नाही.
- प्रॅझिक्वांटेल: चपटे जंत. गोल जंतांवर नाही.
- फेनबेंडाझोल: गोल, हुकवर्म आणि व्हिपवर्म (आतड्यातला आणखी एक जंत), पण सलग काही दिवस द्यावं लागतं, बऱ्याचदा तीन. एक दिवस देऊन उरलेलं कपाटात गेलं तर काम झालेलं नाही.
- पिपराझिन: फक्त गोल जंत. स्वस्त आहे म्हणून अजून विकलं जातं आणि हुकवर्म असलेल्या पिल्लाला हेच देत बसलो तर हुकवर्म तसाच राहतो.

कुत्र्यांची कॉम्बिनेशन गोळी साधारण १० किलोला एक असते, पण कंपनीप्रमाणे बदलते, मोठ्या कुत्र्यांची जास्त ताकदीची गोळीही येते. सिरपचं तर अजूनच, एका बाटलीत एका मिलीमध्ये जेवढं औषध आहे तेवढंच दुसऱ्या बाटलीत असेल असं नाही. मैत्रिणीने सांगितलेले मिली तिच्या बाटलीचे मिली आहेत, तुमच्या नाही.

हे देऊ नका:

माणसांची अल्बेंडाझोल. शाळेत मुलांना देतात म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. कुत्र्या-मांजरांत ती अस्थिमज्जेवर परिणाम करून रक्तपेशी कमी करू शकते.

कुत्र्याची गोळी मांजराला तोडून. मांजरांचं औषध वेगळं असतं, घटकही वेगळे असू शकतात. आणि कुत्र्यांच्या पिसवांच्या मानेवर टाकायच्या औषधात पर्मेथ्रिन असेल तर ते मांजराला जिवावर बेततं. घरात दोघं असतील तर कुत्र्याला ते लावून माऊला शेजारी झोपू देणंसुद्धा धोक्याचं आहे.

लसूण. "नैसर्गिक डीवर्मर" म्हणून याचे मेसेज फिरत असतात. लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फोडतात, मांजरं जास्त नाजूक. जंताने आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला लसूण देणं म्हणजे दुप्पट नुकसान.

## टप्पा ४: डोस देणं

उपाशी ठेवायची गरज नाही. हल्लीच्या नेहमीच्या औषधांना उपास लागत नाही, थोड्या खाण्याबरोबर दिलं तर उलटी होण्याची शक्यता कमी, फेनबेंडाझोल तर खाण्याबरोबरच द्या. जुन्या पद्धतीत रात्रभर उपाशी ठेवून सकाळी औषध आणि वर एरंडेल द्यायचे, ते पूर्ण बंद करा.

कुत्र्याला: पहिला तुकडा नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच पुढे धरायचा म्हणजे दुसरा न चावता गिळतो. उकडलेलं चिकन, पनीर, तुपातली पोळी, जे आवडतं ते. सगळी गोळी मोठ्या वाडग्यातल्या जेवणात कुस्करू नका, निम्मं जेवण उरलं तर निम्मा डोस उरला.

मांजराला: टॉवेलमध्ये गुंडाळा, फक्त डोकं बाहेर, गोळी जिभेच्या मागे ठेवा आणि लगेच सिरिंजने थोडं पाणी पाजा. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते म्हणून पाण्याचा हा भाग सोडू नका. प्रॅझिक्वांटेल प्रचंड कडू असतं, माऊने चावलं तर तोंडाला फेस येतो, लोक विषबाधा समजून घाबरतात, तो बहुतेक वेळा नुसता कडूपणा असतो आणि थोड्या वेळात थांबतो.

सिरप: बाटली जोरात हलवा, औषध तळाला बसतं. न हलवता वरचं दिलं तर पातळ डोस जातो आणि शेवटचे डोस जास्तीचे होतात. सुई नसलेली सिरिंज, गालाच्या बाजूने, थोडं थोडं. डोकं वर करून घशात सोडलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं, अगदी छोट्या पिल्लांत हे फार जपा.

तपासा: पुढचे १० मिनिटं लक्ष ठेवा, मांजरं गोळी गालात धरून सोफ्यामागे टाकतात. तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा, स्वतःहून परत डोस देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शीत मेलेले जंत दिसू शकतात, शी थोडी पातळ होऊ शकते. काहीच दिसलं नाही म्हणून औषध फेल गेलं असं नाही, चपटे जंत बऱ्याचदा आतच पचून जातात. पण झोकांड्या, थरथर, सतत लाळ, दिसेनासं होणं, वारंवार उलट्या किंवा फुगलेलं दुखरं पोट यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही.

## टप्पा ५: दुसरा डोस, आणि इथेच सगळे थांबतात

नेहमीची औषधं आतड्यातले मोठे जंत मारतात. शरीरात फिरत असलेल्या अळ्या वाचतात आणि काही आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. म्हणून "गोळी दिली, महिन्याने परत जंत" हे बऱ्याचदा औषध खोटं असल्यामुळे नसतं तर दुसरा डोस न दिल्यामुळे असतं.

पपींना गोल जंत आईच्या पोटात असतानाच येतात आणि हुकवर्म दुधातून. किटनना गोल जंत दुधातून. म्हणून जन्मापासून घरात असलेलं, मातीला पायही न लागलेलं पिल्लूसुद्धा जंत घेऊन आलेलं असू शकतं. सगळीकडे साधारण हे वेळापत्रक मानलं जातं:

- पपी: २ आठवड्यांच्या वयापासून दर २ आठवड्यांनी, ८ आठवड्यांचा होईपर्यंत. मग ६ महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा.
- किटन: ३ आठवड्यांपासून दर २ आठवड्यांनी, दूध सुटून २ आठवडे होईपर्यंत. मग ६ महिन्यांपर्यंत महिन्याला.
- पाजणारी आई: पिल्लांबरोबरच. तिला सोडून फक्त पिल्लांना दिलं तर पिल्लं परत तिच्याकडूनच घेणार.
- मोठे कुत्रे-मांजरं: वर्षातून किमान ४ वेळा, किंवा नियमित शी तपासून त्याप्रमाणे. कच्चं मांस खाणारे, शिकार करणारे, घरात रांगतं बाळ असलेले, यांना जास्त वेळा लागू शकतं.

घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी द्या. एकाला आज, दुसऱ्याला महिन्याने असं केलं की जंत फिरत राहतात.

घराबाहेर न जाणारी माऊ? झुरळं आणि उंदीर गोल जंतांच्या अळ्या बाळगतात, चपलांना माती येते, पिसवा जिन्यातून येतात. कमी वेळा लागेल, पण शून्य नाही.

## टप्पा ६: पिसवा, शी आणि फरशी

शीवर तांदळासारखे तुकडे दर महिन्याला परत येत असतील तर गोळी बदलून काही होणार नाही. तो जंत बहुतेक वेळा पिसवेतून येतो: पिसवेची अळी जंताची अंडी खाते, मोठी झालेली पिसू अंगावर बसते, कुत्रा-मांजर अंग चाटताना ती गिळतात आणि साधारण ३ आठवड्यांत परत तुकडे सुरू. प्रॅझिक्वांटेल दिलं त्याच दिवशी पिसवांचं औषध पण सुरू झालं पाहिजे, घरातल्या प्रत्येक प्राण्याला, आणि सलग काही महिने, कारण पिसवांचे कोष अंथरुणात, सोफ्याच्या फटीत पडून असतात. अंथरुण गरम पाण्यात धुवा, फटींतून व्हॅक्यूम फिरवा.

आता शी. गोल जंताची अंडी शीतून बाहेर पडल्यावर लगेच बाधा करत नाहीत, त्यांना आत अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. याचा अर्थ रोजची शी रोज उचलली तर ही साखळी तिथेच तुटते. राहिली तर ती अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हुकवर्म जास्त घाईचा, उबदार ओल्या मातीत आठवड्याभरात त्याच्या अळ्या तयार होतात आणि त्या कातडीतून आत शिरतात, माणसाच्या पायातूनसुद्धा, मग कातडीखाली नागमोडी लाल खाजरी रेघ उठते. जून ते सप्टेंबर मुंबईची अख्खी जमीन त्यांच्या सोयीची असते. सोसायटीची बाग, शिवाजी पार्कची कडेची माती, जुहू-वर्सोव्याची वाळू, सगळीकडे पिशवी घेऊन जा आणि शी बांधून कचऱ्याच्या डब्यात टाका, झाडाच्या आळ्यात किंवा गटारात ढकलू नका. लहान मुलं तिथेच वाळूत खेळतात आणि गोल जंताची अळी मुलांच्या डोळ्यापर्यंत पोचल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत. मला या सगळ्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं.

फिनाइलने अंडी मरत नाहीत. गोल जंताच्या अंड्याचं कवच चिवट असतं, ब्लीचनेही नीट मरत नाही. आधी शी पूर्ण उचला, मग उकळतं पाणी, मग जागा कोरडी करा. ऊन आणि कोरडेपणा हुकवर्मच्या अळ्यांना मारतो. मांजर असलेल्या घरात फिनाइल तर नकोच, त्यातली फिनॉलसारखी रसायनं मांजरांच्या यकृताला झेपत नाहीत आणि ओल्या फरशीवरून चालून ती पंजे चाटतात. लिटर बॉक्स रोज साफ.

## टप्पा ७: हार्टवर्म

आधी खरी परिस्थिती. भारतात हार्टवर्म मुख्यतः ईशान्येकडे नोंदला गेलाय. मुंबईच्या कुत्र्यांत त्याचा चुलतभाऊ, कातडीखाली राहणारा डायरोफिलारिया रेपेन्स सापडलेला आहे, तोही डासांतूनच पसरतो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यात किंवा कातडीखाली निघतो. म्हणजे घाबरून जायचं नाही, पण कुत्रा आसाम-मणिपूरकडून आणला असेल, तिकडे किंवा परदेशात राहून आला असेल, किंवा खूप डासांच्या जागी बाहेरच राहत असेल तर डॉक्टरांशी हा विषय तुम्हीच काढा.

डासात हार्टवर्मची अळी वाढायला साधारण १४ अंशांच्या वर तापमान लागतं. मुंबईत डिसेंबर-जानेवारीतही ते असतंच, त्यामुळे "फक्त पावसाळ्यात देऊ" हा हिशेब इथे बसत नाही. द्यायचं ठरलं तर बाराही महिने.

1. आधी टेस्ट. कुत्रा ७ महिन्यांहून मोठा असेल तर औषध सुरू करण्याआधी रक्ताची अँटिजेन टेस्ट (मोठ्या जंतांची खूण शोधणारी) आणि मायक्रोफिलारियासाठी (रक्तात फिरणाऱ्या हार्टवर्मच्या बारीक अळ्या) रक्त तपासणी. रक्तात आधीच खूप मायक्रोफिलारिया असतील आणि काही औषधं दिली तर जोरदार रिअ‍ॅक्शन येऊ शकते. ७ महिन्यांच्या आतल्या पिल्लाची टेस्ट करून उपयोग नाही, जंत टेस्टमध्ये दिसायला साधारण ६ महिने लागतात.
2. औषध डॉक्टर ठरवतील. महिन्याची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन यांपैकी काहीतरी.
3. दर महिन्याला तीच तारीख. यातली बहुतेक औषधं पुढचा महिनाभर पहारा देत नाहीत, मागच्या महिन्यात डासाने सोडलेल्या छोट्या अळ्या मारतात. दोन-अडीच महिन्यांचा गॅप पडला की अळ्या मोठ्या होऊन औषधाच्या हाताबाहेर जातात.
4. ६ महिन्यांनी परत टेस्ट, मग वर्षातून एकदा. गॅप पडला असेल तर लपवू नका, सांगा.

सगळ्यात मोठा धोका: माणसांची १२ मिलिग्रॅमची आयव्हरमेक्टिन किंवा गुराढोरांचं इंजेक्शन. हार्टवर्म टाळायला कुत्र्याला महिन्याला किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतं. १० किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम. १२ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे १२,००० मायक्रोग्रॅम, २०० पट. कोली, शेल्टी आणि त्यांच्या क्रॉसमध्ये बऱ्याचदा एका जनुकातल्या बिघाडामुळे हे औषध मेंदूत पोचतं आणि खाजेसाठी वापरतात तो डोससुद्धा त्यांना जीवघेणा होऊ शकतो. तुकडे करून घरी मोजायचा हा विषयच नाही.

मानेवर टाकायचं औषध केस बाजूला करून कातडीवर, जिभेला पोचणार नाही अशा जागी. केसांवर टाकलं तर वाया. आधी-नंतर आंघोळ किती दिवस नको ते पाकिटावर असतं. सुकेपर्यंत प्राण्यांना एकमेकांना चाटू देऊ नका.

मांजरांना हार्टवर्म कमी होतो पण झाला तर दोन-तीन जंतही पुरतात, दम्यासारखा खोकला येतो, टेस्टमध्ये बऱ्याचदा सापडत नाही, आणि मोठे जंत मारायचा मांजरांसाठी सुरक्षित उपचार नाही. कुत्र्यातही मोठ्या जंतांचा उपचार लांबलचक आणि धोक्याचा आहे.

डास कमी करणं घरातच आहे: गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या बशा, पाण्याचे ड्रम, एसीच्या पाण्याची बादली दर आठवड्याला रिकामी, संध्याकाळी जाळी बंद. माणसांच्या डेंग्यूसाठी करताच, तेच. माणसांची डासांची क्रीम मात्र कुत्र्या-मांजराला लावू नका.

## टप्पा ८: रस्त्यावरच्यांना देत असाल तर

एकाच थाळीत औषध कालवू नका, दांडगा कुत्रा तिघांचा डोस खातो आणि लाजरी कुत्री तशीच राहते. प्रत्येकाला हातातून वेगळा घास, फोनमध्ये फोटो, तारीख, अंदाजे वजन. पायरँटेल आणि प्रॅझिक्वांटेलमध्ये अंदाज थोडा इकडे-तिकडे झाला तरी सहसा निभावतं, आयव्हरमेक्टिनमध्ये नाही, म्हणून रस्त्यावर ते डॉक्टरांशिवाय देऊच नका. गाभण वाटणाऱ्या कुत्रीला फेबँटेलवाली गोळी टाळा, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या. दोन आठवड्यांनी तीच गँग शोधून दुसरा डोस द्यायचाय, त्यामुळे जमेल तेवढ्याच कुत्र्यांपासून सुरुवात करा आणि फोनमध्ये पुढच्या तारखेचा अलार्म आत्ताच लावा.